जिन्यावरचे पांढरे पक्षी

१९ फेब्रुवारी १९३३, रविवार

डिटेक्टिव्ह शाखेत येऊन मला सहा आठवडे झाले आणि काल मी पहिली अटक केली. आईला कळवायचं होतं, पण आमच्या टिरी बेटावर पत्र आधी पोस्टमन वाचतो आणि मग आई, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

काल संध्याकाळी सहाच्या सुमाराला बर्टोलिनीच्या आइस्क्रीमच्या दुकानात कुणीतरी खुद्द म्हाताऱ्या बर्टोलिनीचाच गाल कानापासून ओठापर्यंत वस्तऱ्याने चिरला. मी दोनच गल्ल्या पलीकडे होतो. पोचलो तेव्हा जॉनी मीहन नावाचा कोळसेवाला त्याच्यावर वाकलेला होता आणि त्याचे दोन्ही हात रक्ताने माखले होते. दुपारीच त्या दोघांची कोळशाच्या पोत्यावरून जुंपली होती, अख्ख्या गल्लीने ऐकली होती. आणखी काय हवं? मी खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "अहो साहेब, मी रक्त थांबवतोय." सगळे असंच काहीतरी म्हणतात, हे आम्हाला शिकवलेलं आहे.

सार्जंट रँकिन मात्र खूश दिसले नाहीत. ते माझे वरिष्ठ, जन्म इथलाच, ग्लासगोचा, बावीस वर्षं याच खात्यात. "मॅकॅस्किल," ते म्हणाले, "कोळसेवाला मिळाला. वस्तरा कुठाय?"

वस्तरा मिळाला नाही, एवढीच काय ती उणीव. बर्टोलिनी कुणाचं नाव घेत नाही. गालाला टाके पडलेत म्हणून नाही. टाके पडायच्या आधीही घेतलं नव्हतं.

एक अडचण. हा मीहन आमच्याच इमारतीतल्या नेटा टॉरन्सचा होणारा नवरा निघाला. लग्न ईस्टरला आहे. आज जिन्यात नेटाच्या आईने, टॉरन्सबाईंनी, माझ्याकडे अशी नजर टाकली की मी टोपी काढून चुकून भिंतीलाच नमस्कार केला.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

मोठी बातमी. सार्जंटना पहिल्यापासून ह्यूई लॅव्हर्टीचा संशय आहे. हा काळ्या टायवाल्यांच्या टोळीचा म्होरक्या. पूर्वेकडच्या दुकानदारांना तो 'संरक्षण' देतो, आणि बर्टोलिनीने ते नको म्हटलं होतं. आज आम्ही त्याच्या खोलीची झडती घेतली. माणूस असा छानछोकीचा की चौदा टाय रंगाप्रमाणे टांगलेले, सगळे काळे.

कपाटात मखमली पेटी निघाली. सात दिवसांचे सात वस्तरे, प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव कोरलेलं. रविवार होता, सोमवार होता, शुक्रवारपर्यंत सगळे होते. शनिवारची खोबण रिकामी.

"हरवला," लॅव्हर्टी नखं बघत म्हणाला.

"मग शनिवारी दाढी कशी करतोस?" सार्जंटनी विचारलं.

"शनिवारी मी दाढी वाढवतो, साहेब. फॅशन आहे."

बाहेर आल्यावर सार्जंट म्हणाले, "मॅकॅस्किल, वीस मार्चला तुझा कोळसेवाला कोर्टात उभा राहणार. पाच वर्षं नक्की. त्याच्या आत मला शनिवार आणून दे." मी आणतो म्हणालो. त्यांनी हेही सुचवलं की माझे सहा महिने उमेदवारीचे आहेत.

संध्याकाळी दुसरा आनंद. आमच्या इमारतीत सगळ्यात वर राहणारी एफी कॉर्बेट आपणहून माझ्या दाराशी आली. आत्तापर्यंत मी तिच्या कोळशाच्या बादल्या चार वेळा वर नेल्या होत्या आणि ती पाच वेळा हसली होती. हातात बिस्किटांचा डबा, वर सांबराचं चित्र, भोवती निळी फीत.

"माझ्या वडिलांची पत्रं आहेत, मॅकॅस्किलसाहेब. घरी मावशी उघडून वाचते. तुमच्याकडे ठेवाल? पण उघडायचा नाही, शब्द द्या."

मी दिला. डबा पलंगाखाली ठेवला. पत्रांच्या मानाने बराच जड आहे आणि हलवला की खडखडतो. मोठं घराणं असावं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस गहाणवटीची दुकानं पालथी घातली. वस्तरे शेकड्याने पाहिले. शनिवार नाही.

मी स्वतः सेफ्टी रेझर वापरतो, हे इथे नोंदवून ठेवतो. डिटेक्टिव्हची नेमणूक झाली त्या दिवशी घेतला. उघडा वस्तरा हे मागच्या पिढीचं हत्यार आहे.

घरमालकीणबाईंविषयी लिहायला हवं. इसाबेल गिलफिलन, वय साठीच्या पुढे, विधवा. नवरा आमच्याकडच्या बेटांवरचा, जहाजावर भट्टीवाला होता. केवळ म्हणून त्यांनी मला पहिल्या मजल्यावरच्या आपल्या बिऱ्हाडात खोली दिली. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घरात पोलीस ठेवीन, पण पोलिसाशी बोलणार नाही. लापशी तयार आहे, पाय पूस, कोट वाळत घाल. यापुढे माझ्याकडून शब्द मिळणार नाही." इथे कुणीच पोलिसांना काही सांगत नाही. मला वाटतं स्वभावाने लाजाळू लोक आहेत.

पण त्यांच्या मनात माया आहे, ते आज दिसलं. इथल्या बायका जिना धुतला की पायरीच्या कडेला पांढऱ्या मातीच्या खडूने नक्षी काढतात, जिची तिची वेगळी. टॉरन्सबाईंची साखळी, गिलफिलनबाईंच्या दोन सरळ रेघा. आज सकाळी पाहतो तो रेघा गायब आणि वरच्या मजल्यापासून आमच्या दारापर्यंत प्रत्येक पायरीवर एकेक पक्षी. मधे वाकलेला, दोन्ही पंख पसरलेला, हुबेहूब टिरीच्या किनाऱ्यावरचा समुद्रपक्षी. मला घरची आठवण येते हे त्यांनी ओळखलं असणार. माझे डोळे भरून आले.

"फार सुंदर पक्षी काढलेत," मी म्हणालो.

त्यांनी खडू खिशात टाकला. मग म्हणाल्या, "जिना चढता-उतरताना पायाखाली बघत जा रे, पोरा."

२५ फेब्रुवारी, शनिवार

पाऊस. बुटांनी बरेचसे पक्षी पुसले गेले. संध्याकाळपर्यंत बाईंनी सगळे पुन्हा काढले.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

जिन्यात महायुद्ध. इथे ज्या मजल्याचा जिना त्या मजल्याच्या बायकांनी धुवायचा, आणि कुणाची पाळी ते सांगणारी पाटी दर आठवड्याला दारावर लटकते. गिलफिलनबाई गेले पाच दिवस वरचे दोन्ही जिने धुताहेत, पाळी कुणाचीही असो. दुसऱ्या मजल्यावरच्या टॉरन्सबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"माझा जिना घाण असतो का गं, इसाबेल?"

"मी कुठे म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? बादली घेऊन बसलीस ना त्याच्यावर. अख्ख्या गल्लीने पाहिलं. माझ्या सासूनेसुद्धा कधी माझ्या जिन्याला हात लावला नाही, आणि तिने मला सगळंच ऐकवलं."

"गप बस, मार्था, आणि पायरीकडे नीट बघ."

"मी माझ्या पायऱ्या एकोणीस वर्षं बघतेय."

मी मध्यस्थी केली. म्हणालो, बाई माझ्यासाठी पक्षी काढतात, मी बेटावरचा आहे. गिलफिलनबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं त्या संकोचल्या. टॉरन्सबाई पायरीवर वाकून खूप वेळ बघत बसल्या.

३ मार्च, शुक्रवार

आज कालव्यात गळ टाकला. दोन बूट, एक पक्ष्याचा पिंजरा, एक बँडवाल्यांचा ट्रॉम्बोन. शनिवार नाही.

दुपारी कोठडीत मीहनला भेटलो. नेटाने त्याच्यासाठी विणलेला मफलर द्यायचा होता. ती माझ्याशी बोलत नाही, मफलर तिने दाराच्या मुठीला अडकवून ठेवला होता. मीहन मफलर गालाला लावून बसला. मग म्हणाला, "साहेब, मी पाठीवरून कोळसा वाहतो. कुणाला मारायचंच असतं तर ठोसा मारला असता. वस्तरा हातात धरायला माझी बोटंच वळत नाहीत." त्याने बोटं दाखवली. खरंच वळत नव्हती. आमच्याकडे तीस वर्षं होडी वल्हवणाऱ्यांची अशी होतात.

हे इथे खरं खरं लिहितो, कारण दुसरीकडे लिहिण्याची हिंमत नाही. मला वाटतं मी चुकीचा माणूस धरला. मी त्याच्या हातावरचं रक्त पाहिलं आणि हात पाहिले नाहीत. माझ्या पहिल्या अटकेपायी एका माणसाची पाच वर्षं जाणार, आणि नेटाचीही. जेवण गेलं नाही. बाईंनी ताट उचललं, पण रोजच्यासारखं आपटलं नाही.

७ मार्च, मंगळवार

बाईंना झाडलोटीत काय घाई असते कोण जाणे. एफीचा डबा रोज पलंगाखालून काढून पलंगावर मधोमध ठेवतात. मी रोज परत आत सरकवतो. आज स्पष्ट सांगितलं, "ही दुसऱ्याची ठेव आहे, हलवू नका." तर म्हणाल्या, "बरं." संध्याकाळी डबा माझ्या उशीवर.

जिन्यातलं भांडण मिटलं, तेही आपोआप. टॉरन्सबाई आता पक्ष्यांना वळसा घालून भिंतीच्या कडेने चालतात. इतकंच नव्हे, दुसऱ्या मजल्यावरचे पक्षी आता त्याच काढतात असं मला वाटतं, कारण त्यांच्या पक्ष्यांचा एक पंख लांब आणि धारदार असतो. हात अजून बसलेला नाही.

८ मार्च, बुधवार

माझ्या खोलीच्या उंबऱ्यावरही एक पक्षी! चोच पलंगाकडे. आपल्याला इतका जीव लावणारं कुणी परक्या शहरात असावं, हे भाग्यच.

१२ मार्च, रविवार

एफीबरोबर चहा आणि स्कोन नावाचा गोड पाव, ग्रीन पार्कातल्या दुकानात. तिने निळी टोपी घातली होती. तपासात तिला फार रस. शनिवार सापडला का, कुठे कुठे शोधलं, उद्या कुठे शोधणार. मी सगळं सांगितलं. कालव्यातल्या ट्रॉम्बोनवर ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या कोळसेवाल्याला खरंच पाच वर्षं होतील?"

"होतील, वस्तरा नाही सापडला तर."

तिने उरलेला स्कोन खाल्ला नाही. कोमल मनाची आहे. मी अजूनपर्यंत कुणाला विचारलेलं नाही ते तिला विचारायचं मनात आहे, पण आधी वीस तारीख जाऊ दे.

आठ दिवस राहिले.

१५ मार्च, बुधवार

क्रमाने लिहितो.

सकाळी उठलो तो सेफ्टी रेझर जागेवर नाही. बाईंना विचारलं. "मला काय माहीत," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या ॲप्रनच्या खिशाचा आकार बघून मला संशय यायला हवा होता. मी डिटेक्टिव्ह असून मला तो आता, रात्रीच्या जेवणानंतर, येतोय.

"यांचा आहे, तो वापर," त्या म्हणाल्या आणि दिवंगत गिलफिलनांचा जुना वस्तरा घेऊन आल्या. हातात दिला नाही. माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी गुडघे टेकून बसल्या, वस्तरा अर्धा उघडला आणि जमिनीवर ठेवला. बरोबर पांढऱ्या पक्ष्याच्या शेजारी. मग उठल्या, दाराला टेकल्या आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या जशी आमची आई खडकावर अडकून बसलेल्या मेंढीकडे बघते.

मी वस्तऱ्याकडे पाहिलं. पक्ष्याकडे पाहिलं. परत वस्तऱ्याकडे.

मूठ हा एक पंख. पातं हा दुसरा.

मी त्यांच्या बाजूने जिन्यात धावलो. वरपर्यंत गेलो. पहिला वस्तरा एफीच्या दाराशी होता. तिथून एकेक पायरी, चोवीस वस्तरे, आणि मग माझा उंबरा, आणि टोक पलंगाकडे. वीस दिवस. एफीच्या बादल्या वर नेताना कितीदा तरी मी बूट घालून त्यांच्यावरून चाललो होतो.

डबा बाहेर ओढला. शब्द दिला होता म्हणून मिनिटभर तसाच बसलो, हे मूर्खपणाचं आहे पण खरं आहे. मग फीत सोडली. आत पत्र एकही नव्हतं. रुमालात गुंडाळलेला वस्तरा होता, बिजागरीत वाळलेलं रक्त होतं आणि पाठीवर सुबक अक्षरांत शनिवार.

बाई दारातच होत्या. मी म्हणालो, "तुम्ही सरळ सांगायचं ना."

"मी तुला काही सांगितलं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "एक शब्द तरी?"

"नाही."

"लक्षात ठेव. माझ्या बहिणीने एकदा पोलिसांना एक नाव सांगितलं होतं. आधी खिडक्या फुटल्या, मग तिचा गाल. इसाबेल गिलफिलन पोलिसाशी कधी बोललेली नाही. मी फक्त पलंगाखाली झाडलं आणि जिने धुतले."

आणि खिशातून माझा सेफ्टी रेझर काढून परत दिला.

१६ मार्च, गुरुवार

एफी दुपारी डबा न्यायला आली. मी खुर्चीवर, डबा मांडीवर. स्वयंपाकघरात सार्जंट रँकिन गिलफिलनबाईंसमोर चहा पीत बसले होते. ती दोघंही अर्थातच एकमेकांशी बोलत नव्हती.

"आत पत्रं नाहीत, एफी," मी म्हणालो.

ती दाराशीच थांबली. "तुम्ही शब्द दिला होता."

"हो."

"तेवीस दिवस पाळलात." ती खाली बसली, टोपी काढली. "ह्यूईने तेवीस मिनिटं पाळला नसता. माझ्या मावशीने तेवीस सेकंद. बायकांची झडती घेत नाहीत, म्हणून तो मारतो आणि हत्यार मी पळवते, नेहमीचंच. पण या खेपेला झडती वाढली. सगळ्या शहरात न उघडणारा एकच माणूस होता, आणि तोही पोलीस."

माझ्याबद्दल कुणी एका दमात इतकं चांगलं आणि इतकं वाईट बोललेलं नाही.

"मीहनचं काय?" मी विचारलं.

"रविवारी स्कोन घशाखाली उतरला नाही, तेव्हाच कळलं होतं मला. मी आज डबा घेऊन पळणार होते की तुम्हाला देणार होते, हे मलाही सांगता येणार नाही. तसं लिहून घ्या."

मी तसंच लिहून घेतलं. सार्जंट आले आणि तिला घेऊन गेले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जसा मी मीहनच्या ठेवला होता, पण जरा वेगळा. मला तिचा राग यायला हवा. राग शोधला, सापडला नाही.

२० मार्च, सोमवार

मीहन सुटला. जिन्यात नेटाला उचलून त्याने दोन मजले नेलं, कोळशाचं पोतं न्यावं तसं, पाठीवरून. माझ्या दाराशी थांबून म्हणाला, "लग्नाला या, साहेब. फक्त कुणाला धरू नका."

१२ मे, शुक्रवार

लॅव्हर्टीचा निकाल. सात वर्षं. एफीला तीन महिने.

माझी साक्ष सव्वा तास चालली. लॅव्हर्टीचा वकील उंच, पातळ नाकाचा.

"हा वस्तरा कुठे मिळाला?"

"माझ्या पलंगाखाली."

कोर्टात पहिला हशा.

"आणि आपण त्या काळात त्याचा शोध कुठे घेत होता?"

"कालव्यात."

दुसरा हशा. त्यात ट्रॉम्बोनही आला. मग वकील पुढे झुकला, आणि मला कळलं की आता तो खऱ्या प्रश्नाकडे येतोय. "तेवीस दिवस डबा न उघडणाऱ्या माणसाने अचानक तो का उघडला? आपल्याला कुणी सांगितलं? नाव सांगा."

प्रेक्षकांत काळ्या टायवाले बसले होते. त्यांच्या मागच्या बाकावर गिलफिलनबाई, टॉरन्सबाई आणि आमच्या जिन्यातल्या सगळ्या जणी, हॅट घालून, हात मांडीवर ठेवून. कुणी हलत नव्हतं. बाईंचा गाल मला तेवढ्या लांबून दिसत होता.

"कुणीही एक शब्द सांगितला नाही, साहेब. जिना चढता-उतरताना लक्षात आलं."

"जिन्यात?"

"मी बेटावरचा आहे. आमच्याकडे जिने नाहीत. मला वेळ लागतो."

न्यायमूर्तींनाही हसू आवरलं नाही. पेपरात उद्या 'पलंगावरचा डिटेक्टिव्ह' असा मथळा येणार, असं सार्जंट म्हणाले. शाखेत आजपासूनच सगळे जण बसण्याआधी माझी खुर्ची उचलून खाली बघतात. एक जूनपासून मला पुन्हा गणवेश आणि गस्त. "पावसात उभं राहायचं तुम्हा बेटवाल्यांना काय वाटतं," सार्जंट म्हणाले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "माझी आई ॲंडरस्टनच्या वस्तीत अठ्ठावीस वर्षं जिने धूत होती, मॅकॅस्किल. तुझ्याकडे चहाला आलो, त्या दिवशी दाराशी उभा राहून वरच्या पायऱ्यांवर वाचलं होतं मी. एवढ्या बायकांचा जीव सांभाळलास. उत्तम साक्ष."

मला वाईट वाटतंय. डिटेक्टिव्ह म्हणून राहायचं होतं. पण तोच प्रश्न उद्या परत विचारला तरी उत्तर बदलणार नाही.

२० मे, शनिवार

सकाळी माझ्या खोलीच्या दारावर पाटी लटकत होती. 'या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.' भाडेकरू पुरुषाच्या दारावर ही पाटी या इमारतीत कधी लागलेली नाही. म्हणजे काय ते मला आता, तीन महिन्यांनी, एका झटक्यात कळलं.

बादली घेतली, गुडघे टेकले. सगळ्या दारांतून बायका बाहेर आल्या. "कोपरे, कोपरे," टॉरन्सबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे मेंढ्याच धुतात वाटतं?" नेटाने माझं पाणी बदलून दिलं. जिना वाळला तेव्हा मी पांढऱ्या मातीचा खडू घेतला आणि आमच्या दारासमोरच्या पायरीवर टिरीचा समुद्रपक्षी काढला, खराखुरा, जसा तो होडीच्या मागे मागे येतो तसा. गिलफिलनबाईंसाठी.

त्या हात पुसत बाहेर आल्या. मान वाकडी करून बघितलं.

"हा काय, वस्तरा?"

"पक्षी आहे, बाई."

"असेल. पण त्याला डोळाच नाही, पोरा."

त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला, वाकल्या आणि पक्ष्याला एक टिंब दिलं. मग सूप उतू जातंय म्हणून आत गेल्या. मी कोट चढवला आणि भिंतीच्या कडेकडेने खाली उतरलो.